जेटचे फोटो धूसर का आले: दोन दिवसांच्या एअर शोमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एअर शो दोन दिवसांचा होता आणि दोन्ही दिवशी कार्यक्रम जवळपास सारखाच होता. सकाळी प्रोपेलरची विमानं आणि एक हेलिकॉप्टर, दुपारी एका लढाऊ जेटची एकट्याची कसरत आणि शेवटी जेट विमानांच्या पथकाची प्रात्यक्षिकं. त्यामुळे पहिल्या दिवशी जे चुकलं ते दुसऱ्या दिवशी त्याच विमानांवर दुरुस्त करून बघता आलं. अशी संधी क्वचित मिळते, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे.

फोटोग्राफर अनुभवी होते, पण अनुभव निसर्गदृश्यांचा. ट्रायपॉड, एफ/११ (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), कमीत कमी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) आणि अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) ही त्यांची हातात मुरलेली पद्धत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, १.५ क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान), सेकंदाला १० फ्रेम घेणारा. लेन्स १००-४०० मिमी (ही फोकल लेंथ; आकडा मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं), ४०० मिमीला एफ/५.६ पर्यंत उघडणारी. या कामाला हे साहित्य पुरेसं आहे. किंबहुना जेटचे कितीतरी उत्तम फोटो याच दर्जाच्या साहित्यावर निघतात.

पहिल्या दिवशीची मांडणी अशी होती: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/११, आयएसओ २००, पूर्ण फ्रेमचं सरासरी मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप), कंटिन्युअस फोकस पण बिंदू निवडायचं काम कॅमेऱ्याकडे, ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा कॅमेरा ठरवतो), रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद). भर उन्हात शटर (सेन्सरवर प्रकाश पडत राहण्याचा वेळ) १/४०० ते १/५०० सेकंदाच्या आसपास राहिलं. मागे पांढरा ढग आला की ते १/१००० पर्यंत चढायचं आणि सूर्य ढगाआड गेला की १/१०० पर्यंत घसरायचं. म्हणजे ज्या आकड्यावर सगळं अवलंबून होतं, तो आकडा आकाशाचा रंग ठरवत होता.

अडचण

संध्याकाळी फोटो लॅपटॉपवर १०० टक्के मोठे करून पाहिल्यावर बहुतेक फ्रेम मऊ, म्हणजे अस्पष्ट कडांच्या, निघाल्या. काहींमध्ये विमान म्हणजे नुसती काळी आकृती, पोटाकडचा तपशील शून्य. पथकातली दोन विमानं समोरासमोरून एकमेकांना ओलांडतात त्या क्षणाची एकही फ्रेम नव्हती, कारण कॅमेऱ्याचा बफर (कार्डावर लिहिण्याआधी फोटो धरून ठेवणारी मेमरी) आधीच भरून बर्स्ट (सलग फोटोंची मालिका) थांबला होता.

त्यांचा पहिला निष्कर्ष होता की लेन्स कमी पडते. दुसऱ्या दिवसासाठी ६०० मिमीची लेन्स भाड्याने घ्यायची तयारीही झाली. या प्रकरणातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे होता. लेन्स घेण्याआधी त्यांनी टाकाऊ फोटो पुन्हा उघडले आणि ‘धूसर’ या एका शिक्क्याखाली नेमकं काय काय आहे ते वेगळं केलं. आमच्या मते दुसऱ्या दिवसाचा निकाल तिथेच ठरला.

टाकाऊ फोटोंचं निदान

मऊपणा तीन तऱ्हेचा निघाला, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं.

पहिली तऱ्हा दिशा असलेली. आडवं उडत गेलेल्या विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक पाहिला, तर अक्षरांच्या आडव्या रेघा स्वच्छ आणि उभ्या रेघा जाड, दुहेरी झालेल्या. कॉकपिटच्या काचेची उभी चौकटही तशीच फाकलेली. फोकस चुकला असता तर दोन्ही रेघा सारख्याच मऊ झाल्या असत्या. इथे विमान आणि लेन्स यांच्या फिरण्याचा वेग जुळला नव्हता आणि शटर तेवढा फरक गोठवण्याइतकं जलद नव्हतं.

दुसरी तऱ्हा सगळीकडे सारखी मऊ. विमान मऊ, पण मागच्या ढगाची कड किंवा धुराचा पट्टा कुरकुरीत. फोकस बिंदू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर बिंदू विमानाच्या बाहेरच. निवड कॅमेऱ्यावर सोडली की तो जास्त कॉन्ट्रास्टची कड पकडतो. करड्या विमानापेक्षा पांढऱ्या ढगाची कड त्याला सोपी वाटली.

तिसरी तऱ्हा लहरी. सलग फ्रेममध्ये एकदा नाक स्पष्ट आणि शेपूट मऊ, पुढच्याच फ्रेममध्ये उलट. पंखाची सरळ कड किंचित नागमोडी. ही तापलेल्या धावपट्टीवरून वर येणाऱ्या हवेची करामत. ती फक्त दुपारच्या खालून झालेल्या फेऱ्यांत आणि उड्डाणाच्या वेळी दिसली. यावर कॅमेऱ्यात कोणताही इलाज नाही. शटर वाढवलं तरी हवेने वाकवलेली प्रतिमाच गोठते.

६०० मिमीचा प्रश्न यामुळे निकाली निघाला. ४०० ऐवजी ६०० मिमी म्हणजे लेन्स फिरवण्यातली चूक सेन्सरवर दीडपट, हवेची लहरही दीडपट, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये विमान सापडणं त्याहून अवघड.

थोडं गणित

पहिली तऱ्हा किती गंभीर आहे हे मोजता येतं. जेट २०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण ताशी ७२० किलोमीटर वेगाने ३०० मीटर अंतरावरून आडवं गेलं, तर समोर येताना त्याचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३८ अंश असतो. हात कितीही सफाईने फिरला तरी ५ टक्क्यांची चूक सहज होते. या सेन्सरवर ४०० मिमीला १/४०० सेकंदात ही चूक ८-९ पिक्सेलची रेघ ओढते. १/२००० ला ती २ पिक्सेलच्या आत येते, १/३२०० ला जेमतेम एक पिक्सेल उरते. हात सुधारून चूक निम्म्यावर आणली, तर हेच आकडे निम्मे होतात. त्यामुळे ‘जेटला किती शटर?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. विमानाचं अंतर, फोकल लेंथ आणि तुमचा हात मिळून ते ठरतं. अननुभवी हाताला १/२००० हा तळाचा आकडा धरावा.

एफ/११ कशासाठी होतं? विमान नाकापासून शेपटीपर्यंत स्पष्ट यावं म्हणून. पण ३०० मीटरवर १५ मीटर लांबीचं विमान थेट समोरून येत असेल आणि फोकस नाकावर असेल, तर ४०० मिमीला एफ/७.१ वर शेपटीचा बिंदू साधारण एका पिक्सेलइतकाच पसरतो. डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे पुढेमागे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं याची, अडचण तिथे नव्हतीच. उलट फोकस दूरच्या ढगावर गेला, तर ३०० मीटरवरच्या विमानाचा बिंदू एफ/११ लाही सुमारे १२ पिक्सेल पसरतो. म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक करून फोकसची चूक झाकता येत नाही, आणि त्या नादात शटरचा जीव मात्र जातो.

तोललेले पर्याय

एक्सपोजरसाठी, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा यासाठी, तीन वाटा समोर होत्या.

पहिली, शटर प्रायॉरिटीत (शटर आपण ठरवायचं, छिद्र कॅमेरा) १/२००० आणि थोडं प्लस कॉम्पेन्सेशन (मीटर सांगतो त्याहून थोडा जास्त प्रकाश). शटर सांभाळलं जातं, पण मीटर आकाशाकडेच बघत राहतो. निळ्या आकाशासमोर फोटो ठीक येतो, पांढऱ्या ढगासमोर विमान काळं पडतं, गडद टेकडीसमोर जळतं, म्हणजे पांढरंफटक पडतं. विमान एका फेरीत या तिन्ही पार्श्वभूमींवरून जातं, म्हणजे कॉम्पेन्सेशनचा एकच आकडा पुरत नाही.

दुसरी, मॅन्युअलमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर पक्कं आणि आयएसओ ऑटो. मीटरची अडचण इथेही तीच, फक्त भरपाई आयएसओ करतो. ढगांची ये-जा असलेल्या दिवशी ही वाट बरी, कारण प्रकाश दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) पडला तरी फ्रेम हातची जात नाही.

तिसरी, सगळंच मॅन्युअल. विमानावर पडणारं ऊन एका फेरीत बदलत नाही, बदलते ती पार्श्वभूमी. मग एक्सपोजर का बदलावं? स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओइतकं, या जुन्या नियमाने आयएसओ ४०० ला एफ/१६ आणि १/४०० येतं, तेच एफ/७.१ ला १/२०००. यात विमानाची उन्हातली बाजू बरोबर येते. पोट सावलीत असतं म्हणून दोन-तृतीयांश स्टॉप वाढवून आयएसओ ६४० केला. याहून जास्त वाढवलं की उन्हातला पांढरा रंग आणि काचेवरची चमक जळायला लागते.

हवामान स्वच्छ राहील असा अंदाज होता, म्हणून तिसरी वाट निवडली. आयएसओ ६४० ला दाणा (फोटोतला खरखरीतपणा) वाढेल ही त्यांची धास्ती होती. ती समजण्यासारखी आहे, पण दाणा नंतर कमी करता येतो, ओढली गेलेली रेघ परत जुळवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी केलेले बदल

कॅमेऱ्याच्या दोन कस्टम जागा (मांडणी साठवून डायलवर ठेवायच्या) भरल्या. सी-१ जेटसाठी: मॅन्युअल, १/२०००, एफ/७.१, आयएसओ ६४०, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का, मेकॅनिकल शटर, सेकंदाला १० फ्रेम. सी-२ प्रोपेलरसाठी: शटर प्रायॉरिटी, १/१६०, आयएसओ १००.

सी-२ का लागतो ते सांगायला हवं. मिनिटाला २४०० फेरे घेणारा प्रोपेलर १/१६० सेकंदात पाव वर्तुळ फिरतो. चार पाती असतील तर पूर्ण चकती भरते. १/२००० ला तीच पाती गोठतात आणि विमान हवेत टांगून ठेवल्यासारखं दिसतं. हेलिकॉप्टरचा मोठा रोटर त्याहून फार हळू, मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास, त्यामुळे तिथे १/८० पर्यंत उतरावं लागतं. एवढ्या मंद शटरला बऱ्याच फ्रेम वाया जाणार हे गृहीतच धरायचं.

इलेक्ट्रॉनिक शटर मुद्दाम बंद ठेवलं. या कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने हळू वाचला जातो, त्यात प्रोपेलरची पाती वाकडी होतात आणि जलद आडवी जाणारी वस्तू तिरपी पडते. स्टॅक्ड (फार जलद वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यांत हा दोष फार कमी असतो, तिथे ही काळजी फारशी घ्यावी लागत नाही.

फोकससाठी निवड कॅमेऱ्याकडून काढून मधल्या लहान गटावर आणली. एकच बिंदू हलत्या विमानावर टिकत नाही आणि मोठा झोन ढगाकडे पळतो. लहान गट हा मधला मार्ग. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी केली, म्हणजे मध्येच धूर आडवा आला तरी फोकस लगेच त्यावर उडी मारत नाही. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस शोधायचा पल्ला मर्यादित करणारी कळ) दूरच्या टप्प्यावर ठेवला. शिवाय प्रत्येक फेरीआधी अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या झाडावर फोकस करून ठेवायची सवय लावली. विमान ठिपक्याएवढं असताना फोकस जवळ कुठेतरी अडकलेला असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच दिसत नाही आणि लेन्स पुढेमागे शोधत राहते. या एका सवयीने सुरुवातीच्या फ्रेम वाचल्या. ज्या कॅमेऱ्यात विमान ओळखण्याची सोय आहे त्यांनी ती चालू करावी, पण लिमिटर आणि आधीचा फोकस तरीही सोडू नये.

ट्रायपॉड गाडीतच राहिला. पायाची बोटं विमान जिथे सर्वांत जवळ येणार त्या दिशेला, कंबर येणाऱ्या विमानाकडे वळवलेली, कोपरं अंगाला टेकलेली. विमान जवळ येतं तसं अंग मोकळं होत जातं, आणखी पिळलं जात नाही. शटर सोडल्यावरही लेन्स फिरत राहिली पाहिजे. बोट उचलताच हात थांबवणाऱ्यांच्या बर्स्टमधल्या शेवटच्या दोन फ्रेम हमखास मऊ असतात. स्टॅबिलायझर पॅनिंगच्या (विमानासोबत लेन्स आडवी फिरवण्याच्या) मोडवर, म्हणजे तो फक्त उभी थरथर सावरतो. आणि सूर्य ज्या भागात आहे तिथे व्ह्यूफाइंडरला डोळा लावून विमानाचा पाठलाग करायचा नाही. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असेल तर टेलिफोटो लेन्समधून सूर्य थेट डोळ्यात उतरतो.

झूमबाबत एक दुरुस्ती. ३०० मीटरवर या सेन्सरला ४०० मिमीमध्ये फक्त साडेसतरा मीटर रुंदी मावते. १५ मीटरचं विमान त्यात कडेला कड लागून बसतं, आणि हात जरा मागे पडला की नाक कापलं जातं. त्यामुळे जवळच्या फेऱ्या ३०० मिमीला घ्यायचं ठरलं.

बफरसाठी बर्स्ट पाच ते आठ फ्रेमचे केले. २५ एमबीच्या आसपासच्या रॉ फाइल सेकंदाला १० म्हणजे २५० एमबी. कार्डावर लिहिण्याचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी. विमान दिसताच बोट दाबून ठेवलं, तर मुख्य क्षणाला कॅमेरा लिहिण्यात गुंतलेला असतो.

समोरासमोर ओलांडणाऱ्या विमानांचा पेच

सर्वांत अवघड निर्णय हा होता. दोन विमानं प्रत्येकी २०० मीटर प्रति सेकंद वेगाने आली, तर एकमेकांच्या तुलनेत वेग ४०० मीटर. १० फ्रेमच्या कॅमेऱ्यात दोन फ्रेमच्या मध्ये ४० मीटर निघून जातात. नाकं भिडल्यापासून शेपट्या सुटेपर्यंतचा प्रवास, १५ मीटरच्या विमानांसाठी, ३० मीटरचा. म्हणजे विमानं एकमेकांवर आलेली फ्रेम मिळेलच याची खात्री या वेगाला नाही.

दुसरा भाग स्पष्टतेचा. एका विमानाचा पाठलाग केला तर ते स्पष्ट येतं, पण दुसरं दुप्पट वेगाने उलटं जातं: ३०० मीटरवर, २०० मिमीला, १/२००० सेकंदात सुमारे ३४ पिक्सेलची रेघ. कॅमेरा स्थिर धरला तर दोन्ही विमानं सारखीच, प्रत्येकी १७ पिक्सेल ओढली जातात. १/४००० ला हे आकडे निम्मे होतात.

पाठलागाची वाट निवडली, शटर मात्र १/२००० वरच राहिलं. एक विमान काटेकोर आणि दुसरं वेगात ओढलेलं, असा फोटो मिळाला. वेग दाखवणारा म्हणून तो चांगला आहे, पण दुसऱ्या विमानाचे तपशील त्यात नाहीत.

निकाल

आडव्या फेऱ्यांतला दिशेचा मऊपणा जवळपास गेला. शेपटीवरचे क्रमांक वाचता येऊ लागले, पोटाखालचे पॅनेल दिसू लागले. फोकस चुकलेल्या फ्रेम राहिल्या त्या मुख्यतः धुराच्या दाट पट्ट्यातून विमान बाहेर पडतानाच्या. एका फेरीतले सगळे फोटो रंगाने सारखे निघाले, त्यामुळे नंतरचं काम सोपं झालं.

दुपारच्या खालच्या फेऱ्या मात्र पहिल्या दिवशीइतक्याच लहरी आल्या, अपेक्षेप्रमाणे. विमान क्षितिजापासून वर चढल्यावरचे फोटो स्वच्छ होते, कारण तिथे नजर तापलेल्या जमिनीलगतच्या थरातून लांबवर जात नाही.

दोन ठिकाणी नुकसान झालं. प्रोपेलर विमान उतरत असतानाच जेट पहिल्या फेरीला आलं आणि कॅमेरा सी-२ वरच राहिला. ती पूर्ण फेरी १/१६० ला गेली. जेटचा आवाज ऐकून सावध होऊ, हा भरवसा इथे कामाचा नाही. एक किलोमीटरवरून आवाज यायला जवळपास ३ सेकंद लागतात, तेवढ्यात २०० मीटर वेगाचं जेट ६०० मीटर पुढे आलेलं असतं. दुसरं, एका फेरीत सूर्य ढगाआड गेला आणि फोटो दोन स्टॉप गडद आले. रॉ असल्यामुळे उचलता आले, पण सावलीत दाणा दिसतो.

काय वेगळं करता आलं असतं

सी-१ हाच कायमचा मुक्काम ठेवायला हवा होता: प्रोपेलरची प्रत्येक फेरी संपली की डायल लगेच सी-१ वर. चुकून १/२००० ला प्रोपेलर गोठला तर एक फोटो बिघडतो, चुकून १/१६० ला जेट आलं तर फेरी जाते.

आकाशात विरळ ढग दिसताच मॅन्युअलसोबत ऑटो आयएसओ आणि एक स्टॉप प्लस, अशी तिसरी कस्टम जागा भरून ठेवली असती तर गडद फेरी वाचली असती. ओलांडण्याच्या क्षणासाठी १/४००० आणि आयएसओ १२५० परवडला असता. तेवढ्या उन्हात ती किंमत मोठी नाही.

पहिल्या दिवशीच, दोन विमानांच्या मधल्या वेळेत, मागच्या स्क्रीनवर एखादी फ्रेम १०० टक्क्यांवर उघडून शेपटीच्या क्रमांकाच्या उभ्या-आडव्या रेघा पाहिल्या असत्या, तर शटर तिथल्या तिथे सुधारता आलं असतं. पूर्ण फोटो छोट्या स्क्रीनवर नेहमीच स्पष्ट दिसतो, त्यावर विसंबू नये.

जागेचा विचार दोन्ही दिवशी राहून गेला. सूर्य पाठीशी आणि आपण आणि विमानाचा मार्ग यांच्यामध्ये डांबराऐवजी गवत, अशी जागा मिळत असेल तर गर्दीच्या मधोमध उभं राहण्यापेक्षा ती केव्हाही बरी. खालच्या फेऱ्यांचे फोटो हवे असतील तर सकाळच्या सरावाच्या किंवा आगमनाच्या उड्डाणांना, जमीन तापायच्या आधी, पोचावं. दुपारी विमान धावपट्टीलगत असताना बर्स्ट वाचवून कार्डात आणि बफरमध्ये जागा ठेवावी, आणि ते वर चढायला लागलं की मग बोट दाबावं.